साबणाचा फेस आत गेला

ही ऐकीव गोष्ट नाही.

मधुसूदनकाका, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, यात स्वतः होते. ते अजून आहेत. नागपुरातच राहतात. डाव्या कानानं त्यांना काही ऐकू येत नाही. तो कान कसा गेला, असं कुणी विचारलं तर ते विषय बदलतात. आम्हा घरच्यांना त्यांनी हे एकदाच सांगितलं. सांगून होईपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.

तुम्हाला वाटेल, अमावस्येची रात्र असेल.

नव्हती.

एकोणीसशे एकोणऐंशीचा मे महिना. रविवार. भर दुपार. हिंगणा रोडच्या औद्योगिक वसाहतीतला लोखंडाच्या ओतकामाचा एक कारखाना. त्याचं नाव काका सांगत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

काका तेव्हा तिशीत होते. धंतोलीतल्या एका यंत्रविक्रेत्याकडे नोकरीला होते. काम कॉम्प्रेसरचं. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं मशीन. त्या हवेवर कारखान्यातल्या छिन्न्या चालतात, हातोडे चालतात, रंगाचे फवारे चालतात. कुणाला कोणतं मशीन पुरेल, पाइप किती जाड हवा, हे काका जाऊन बघायचे आणि सांगायचे.

या कारखान्याचे मालक ओमप्रकाशसेठ. त्यांची तक्रार होती की हवा पुरत नाही. टोकाला एक शेड होती. ओतलेल्या भागांच्या खडबडीत कडा तिथं हवेच्या छिन्नीनं साफ व्हायच्या. तिथं पोचेपर्यंत हवेचा जोरच संपायचा. सेठना जोडीला दुसरं मोठं मशीन हवं होतं. विक्रेता खूश होता.

पण काकांची एक सवय होती. नवीन मशीन सुचवण्याआधी ते जुन्या मशीनची हवा जाते कुठं ते बघायचे. गळक्या पाइपाला मोठं मशीन जोडलं तर गळतीच मोठी होते, असं त्यांचं म्हणणं.

ते बघायची पद्धत साधी आहे. सुट्टीच्या दिवशी जायचं. कारखान्यातला प्रत्येक कॉक, म्हणजे हवेचा नळ, बंद करायचा. टाकी भरायची आणि तिच्यावरच्या दाबाच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. हवा कुणी वापरत नसेल तर काटा हलायला नको.

म्हणून रविवार.

कारखान्यात त्या दिवशी दोनच माणसं होती. एक ताराचंद, कॉम्प्रेसर चालवणारा. चाळिशीचा, किडकिडीत, खाली बघून बोलणारा. दुसरा वामनराव, छिन्नीच्या शेडचा मिस्त्री. दांडगा गडी. किल्ल्या त्याच्याकडे होत्या. त्यानं शेडमध्ये खाट टाकली होती आणि अंगावर ओला पंचा घेऊन तो पडला होता.

बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पत्रे तापून मधूनमधून टणटण वाजत होते.

काकांनी सगळे कॉक स्वतः बंद केले. ताराचंदनं मशीन सुरू केलं. टाकी भरली, काटा सातवर गेला आणि मशीनचा आवाज सैल पडला. आता हवा भरणं थांबलं होतं. नुसती चाकं फिरत होती.

काका काट्याकडे बघत राहिले.

काटा उतरायला लागला.

त्यात नवल काही नव्हतं. कुठंतरी गळतंय, एवढंच. पण गळतीचा काटा एका चालीनं उतरतो. सावकाश, न थांबता.

हा तसा उतरत नव्हता.

थोडा उतरायचा… आणि थांबायचा.

परत थोडा उतरायचा… परत थांबायचा.

काका बराच वेळ ते बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की काटा आणि आपली छाती एकाच तालात चालली आहे. त्यांनी मुद्दाम श्वास रोखून धरला.

काटा चालूच राहिला.

त्यांनी ताराचंदला विचारलं, हे कधीपासून. तो खाली बघत म्हणाला, "दिवाळीपासून असंच हाय, साहेब."

काकांनी मनाची समजूत घातली. एखादी झडप अडकत असेल. मशीनच्या खोलीतून कारखान्यात तीन पाइप जात होते. त्यांनी एकेक बंद करून बघायचं ठरवलं. भट्टीकडचा पाइप बंद केला. काटा तसाच चालला. साच्यांकडचा बंद केला. तसाच चालला. मग छिन्नीच्या शेडचा पाइप बंद केला…

काटा जागच्या जागी थांबला.

कॉक परत उघडला. काटा परत सुरू झाला. आता जरा जोरात. कुणाचं तरी नाक-तोंड दाबून धरलं होतं आणि आता सोडलं, तसा.

काकांनी डब्यात साबणाचं पाणी कालवलं, ब्रश घेतला आणि ताराचंदला म्हणाले, चल शेडमध्ये. पाइपाच्या सांध्यावर साबण लावला की गळतीच्या जागी फुगा येतो. ताराचंदनं डबा धरायचा, एवढंच काम होतं.

तो हलला नाही.

"तिकडं मी नाही येत जी. तुमी जा."

काकांनी कारण विचारलं. ताराचंदनं आधी दाराबाहेर पाहिलं, मग सांगितलं.

छिन्नीच्या शेडमध्ये शालिक नावाचा एक कामगार होता. रामटेककडचा. नुकतंच लग्न झालेलं. त्याला गुदगुल्या फार व्हायच्या. कुणी नुसतं बोट दाखवलं तरी हसत सुटायचा. त्यामुळे सगळे त्याला छळायचे. पाळी सुटताना लोक हवेच्या नळीनं कपड्यांवरची धूळ उडवत. तेव्हा कुणीतरी ती नळी त्याच्या बगलेत धरी, पोटावर धरी. तो जमिनीवर लोळून हसे.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मस्करी वाढली. काशिनाथ नावाच्या एकानं त्याचे हात धरले. आणखी कुणीतरी पाय धरले. आणि वामनरावनं नळी लावली.

नळी कुठं लावली, ते काकांनी आमच्यासमोर कधी उच्चारलं नाही.

शालिक हसत होता. मग ते हसणं बदललं. पण त्यांना ते कळायला वेळ लागला. त्याचं पोट माठासारखं फुगलं. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की पोटावर लोखंड पडलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या बायकोला, गोपिकाला, तेच सांगितलं. पोलिसातही तेच. काशिनाथ नोकरी सोडून गेला, कुठं ते कुणालाच माहीत नाही.

काकांनी विचारलं, पाय कुणी धरले होते?

ताराचंद म्हणाला, आपल्याला काय ठाऊक, आपण इथं मशीनपाशी होतो. इथून फक्त काटा पडताना दिसला.

बघतात तर दारात वामनराव उभा होता. केव्हा आला, कळलं नाही. त्यानं शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. आत आला आणि ताराचंदच्या तोंडावर उलट्या हातानं अशी मारली की तो टाकीवर आदळून खाली बसला. त्याच्या नाकातून रक्त आलं.

"मेलेल्याचं नाव काहून घेऊन राहिला गा तू?" वामनराव शांतपणे म्हणाला. मग काकांकडे वळून, "चला साहेब. काय पाह्यचं ते पाहा."

काका म्हणतात, मला तिथूनच निघायला हवं होतं. पण ते गेले.

शेडमध्ये भिंतीला हवेचे कॉक होते, ओळीनं. प्रत्येकाला रबरी नळी, गुंडाळून खुंटीला टांगलेली. शेवटच्या कॉकला नळी नव्हती. त्याच्या तोंडात लोखंडी बूच आवळून बसवलं होतं. ते कुणी बसवलं आणि कधी, हे काकांनी विचारलं नाही. समजलं होतं.

एकेका सांध्याला त्यांनी साबण लावला. कुठं फुगा नाही. सगळं घट्ट. शेवटच्या कॉकपाशी आले. बुचाच्या कडेनं ब्रश फिरवला. पांढरा फेस गोल बसला.

काका वाकून बघत होते.

फुगा आला नाही.

फेस हळूच हलला… आणि आत गेला.

ज्या पाइपात हवा दाबून भरली आहे, तो पाइप हवा बाहेर फेकतो. आत ओढत नाही. ओढूच शकत नाही. काकांनी परत फेस लावला. परत आत गेला. थोडा… थांबून… थोडा.

त्यांनी बुचावर तळहात ठेवला. कातडी आत खेचली गेली. हात काढताना इतका जोर लागला की तळव्यावर लाल वर्तुळ उठलं आणि त्यातून रक्त फुटलं.

मग त्यांनी पाइपाला डावा कान लावला.

आत कुणीतरी हसत होतं.

दबक्या आवाजात. दम नसल्यासारखं. आणि मध्येच, अगदी कानाशी…

"सोड ना गा… पोट फुटते…"

काका मागे सरले. वामनराव त्यांच्याकडे बघून हसला. म्हणाला, पाइपात पाणी साचलं असेल, तेच गुडगुडतं, बूच काढून दाखवतो. त्यानं मोठा पाना घेतला.

काकांनी त्याला अडवलं. भरल्या पाइपाचं बूच काढलं आणि कॉक आतून नीट बसलेला नसला, तर ते गोळीसारखं सुटतं. आधी हवा रिकामी करतो, तोवर हात लावू नको, असं बजावून ते मशीनच्या खोलीत गेले. स्वतः मशीन बंद केलं. टाकीच्या तळाचा कॉक उघडला. गंजाचं लाल पाणी फसफसत बाहेर पडलं, मग हवा, मग तीही संपली. काटा शून्यावर आला. काकांनी मुख्य स्विचचा फ्यूजही उपसून खिशात टाकला. टाकीचा कॉक उघडाच ठेवला.

म्हणजे त्या कारखान्यात आता दाबलेली हवा कुठंही नव्हती. फुंकरभरसुद्धा.

ते शेडमध्ये परतले तोवर वामनरावनं बूच काढून टाकलं होतं. काही झालं नव्हतं. त्यानं शेजारची नळी काढून त्या कॉकला लावली होती आणि कॉक पूर्ण उघडला होता. नळी मेलेल्या सापासारखी जमिनीवर पडली होती. वामनरावनं तिचं टोक उचललं आणि त्यात डोळा लावून पाहिलं.

"पाहा साहेब. काहीच नाही."

नळी आकसली.

काकांनी ते स्पष्ट पाहिलं. रबर आत ओढलं जाऊन चपटं झालं. टोकापासून भिंतीपर्यंत. खूप खोल श्वास घेतल्यासारखं…

मग ती फुगली.

पहिला फटका वामनरावच्या तोंडावर बसला. टोकाला पितळी तोटी होती. दात तुटल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर आला आणि दुसरा फटका त्याच्या कानशिलावर. नळी हवेत उभी राहायची, वळायची, आणि त्याच्यावरच यायची. भिंतीवर एकदाही आपटली नाही. काका तिला धरायला धावले. तोटी त्यांच्या डाव्या कानावर बसली. डोक्यात काहीतरी फाटलं आणि ते आडवे झाले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा वामनराव पाठीवर पडला होता. नळी त्याच्या तुटक्या दातांमधून तोंडात शिरली होती.

त्याचं पोट फुगत होतं.

आणि वामनराव हसत होता.

तोंडात नळी, ओठ फाटलेले, नाकातून रक्त, आणि तरी ते हसणंच होतं. पाय झाडत, अंग चोरत, गुदगुल्या होणारा माणूस हसतो तसं. आवाज मात्र त्याचा नव्हता.

काका सरपटत भिंतीपाशी गेले. कॉक बंद केला. हवा थांबली नाही. त्यांनी हातोडा आणि छिन्नी उचलली, नळी एका लोखंडी ठोकळ्यावर ओढून धरली आणि घाव घातले. तिसऱ्या की चौथ्या घावाला ती तुटली.

भिंतीकडचा तुकडा धपकन खाली पडला. त्यात काहीच नव्हतं.

वामनरावच्या तोंडातला तुकडा कशालाच जोडलेला नव्हता…

तो फुगतच राहिला.

काका दोन्ही हातांनी तो ओढत होते. वामनरावच्या शर्टाची बटणं तुटून उडाली. पोटाची कातडी चकचकीत झाली, तिच्यावर निळ्या शिरा उठल्या. डोळे खोबणीबाहेर आले आणि ते काकांकडेच बघत होते.

तेव्हा दारातून ताराचंदचा आवाज आला. तो रडत होता.

"शालिक, सोड गा त्याले. मी गोपिकाले खरं सांगतो."

नळी सैल पडली. काकांच्या हातात नुसतं रबर आलं.

हसणं थांबलं होतं.

रस्त्यावरून जाणारा एक ट्रक थांबवून त्यांनी वामनरावला धंतोलीला नेलं. दवाखाना तोच. डॉक्टरही तेच निघाले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि काकांना विचारलं, "याच्याही पोटावर लोखंड पडलं का?"

काका म्हणाले, "नाही. हवा गेली." रक्तानं माखलेला तुटका तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता, तो समोर ठेवला.

वामनराव अंधार पडायच्या आत गेला. शुद्धीवर आलाच नाही.

ओमप्रकाशसेठनी काकांना बाजूला घेऊन समजावलं की अपघात म्हणा, मशीन चालू राहिलं होतं म्हणा. काकांनी ऐकलं नाही. जे पाहिलं ते पोलिसांना सांगितलं, शालिकचंही सांगितलं, खिशातला फ्यूज टेबलावर ठेवला. हवालदारानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. कागदावर शेवटी अपघातच लिहिला गेला.

एक गोष्ट मात्र झाली. त्या दिवसापासून कारखान्यात हवा कमी पडली नाही. नवीन मशीन घ्यावंच लागलं नाही.

त्याच आठवड्यात ताराचंद काकांच्या घरी आला. दिलेला शब्द पाळायचा होता, पण एकट्यानं जायची हिंमत नव्हती. काकांच्या कानावर पट्टी होती. तरी ते त्याच्यासोबत गेले.

गोपिकाचं गाव रामटेकच्या पलीकडे. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, उन्हानं भेगाळलेल्या. ती शेणानं अंगण सारवत होती. हात न धुताच उभी राहिली. ताराचंदनं सगळं सांगितलं. वामनराव, काशिनाथ, नळी, खोटं सांगितलेलं लोखंड. ती रडली नाही.

त्याचं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"पाय कोणं धरले होते, भाऊ?"

ताराचंद म्हणाला, "मले नाही मालूम वं. मी मशीनपाशी होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते सपनात येतेत. म्हनतेत, ताराचंदभाऊले सांग, पाय सोड म्हनाव."

एवढं बोलून ती परत सारवायला बसली. त्यांच्याकडे पाठ करून.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. ताराचंद खिडकीपाशी. मनसरला गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो चहाला उतरला. कंडक्टरही उतरला. गाडीत चार-दोन माणसं, तीही पेंगुळलेली.

काकांनी हळूच विचारलं, "ताराचंद, खरं सांग. तू होतास तिथं?"

"नाही जी," तो म्हणाला. "मी खोलीत होतो."

गाडीच्या तळातून आवाज आला.

हिस्स्…

एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. गाडी थांबताना तो आवाज होतोच. पण गाडी केव्हाची थांबलेली होती आणि ड्रायव्हर टपरीवर होता.

हिस्स्… थांबला… हिस्स्…

ताराचंदनं पाय वर घेतले. मग त्याला हसू आलं.

आधी त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला. तोंडावर हात ठेवला. मग बगला आवळून धरल्या, अंग चोरलं, सीटवरून घसरून खाली पडला. लोक जागे झाले. कुणाला वाटलं दारू प्यालाय. एक बाई त्याचं हसणं बघून स्वतःही हसायला लागली. काका त्याच्या अंगावर पडून त्याला धरत होते, विनवत होते की कबूल कर, आता तरी कबूल कर. त्याला बोलायचं होतं. ओठ हलत होते. पण बोलायला लागणारा श्वास त्याचा उरला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या डोळ्यांत हसू कुठंच नव्हतं.

त्याचे दोन्ही पाय घोट्यापाशी आवळल्यासारखे चिकटले होते. ते काकांना सोडवता आले नाहीत.

लोकांनी त्याला उचलून निंबाखाली निजवलं तेव्हा तो संपला होता. पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं. सरकारी डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा. घोट्यांवर बोटांचे वळ होते. ते त्यांनी कागदावर घेतले नाहीत.

काकांनी हे सगळं सांगितलं तोही मे महिनाच होता. खोलीत पडदा वाऱ्यानं हलत होता. सांगून झाल्यावर कुणीतरी विचारलं, त्या काशिनाथचं पुढं काय झालं?

काका म्हणाले, माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. जिवंत असेल तर आता म्हातारा झाला असेल.

मग ते उठले. इतक्या उकाड्यात त्यांनी खिडकी लावून घेतली. दार लावलं. आणि बराच वेळ, बाहेर कुणी हसतंय का ते ऐकत, उजवा कान दाराला लावून तसेच उभे राहिले.